बिवाच्या काठी, चुबुक चुबुक!

बालमित्रांनो, मासे पकडायला काय काय लागतं? काठी, दोरा, गळ आणि गांडूळ! बरोबर ना? माझंही उत्तर अगदी हेच होतं. आम्ही भावंडं खाडीकाठची. लहानपणी सुट्टी लागली की दादा आणि मी गरी घेऊन दिवसभर धक्क्यावर बसायचो. त्यामुळे मासे पकडण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

पण २०२४ सालच्या मे महिन्यात माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं मला या विषयात साफ नापास केलं! तेही थेट जपानात नेऊन.

त्याचं असं झालं. दादा नोकरीनिमित्त जपानमधल्या ओत्सु या शहरात राहतो. "एकदा ये गं, एकदा ये गं," म्हणून तो कधीचा मागे लागला होता. शेवटी पैसे साठवले, पासपोर्ट काढला, शाळेचे निकाल लावले आणि मी निघाले. क्योतोहून रेल्वेनं जेमतेम दहा मिनिटांत ओत्सु येतं. दादाच्या घराच्या गच्चीत गेले आणि म्हटलं, "अरे, समुद्र इतका जवळ आहे हे सांगितलं नाहीस!"

भाचेराव पोट धरधरून हसायला लागले. "आत्या, समुद्र नाही, ते बिवा सरोवर आहे!"

मुलांनो, बिवा हे जपानमधलं सगळ्यात मोठं सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. आपली अख्खी मुंबई त्यात बुडेल आणि वर थोडी जागा उरेल! खोली कुठे कुठे १०० मीटरच्या पुढे. म्हणजे तीस-पस्तीस मजल्यांची इमारत उभीच्या उभी आत जाईल. शंभराहून जास्त नद्या या सरोवराला येऊन मिळतात, पण त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, सेता. क्योतो, ओसाका या बाजूची लाखो माणसं याच सरोवराचं पाणी पितात.

'बिवा' हे जपानमधलं एक तंतुवाद्य. सरोवराचा आकार त्या वाद्यासारखा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. गंमत पुढेच आहे. हे वाद्य कुणाच्या हातात असतं ठाऊक आहे? बेन्झाईतेन देवीच्या. आणि बेन्झाईतेन म्हणजे कोण? आपली सरस्वती! फार पूर्वी बौद्ध धर्माबरोबर ती जपानात गेली आणि तिथलीच झाली. या सरोवरात चिकुबु नावाचं एक छोटं बेट आहे, तिथं तिचं देऊळही आहे. शाळेतल्या बाईंना सरस्वती परदेशातही भेटली म्हटल्यावर मला किती आनंद झाला असेल!

असो. आता मूळ गोष्टीकडे येते.

शनिवारी रात्री भाचेरावांनी माझ्यापुढे एक डबी उघडली. आत कापसावर ठेवावेत तसे सहा-सात रंगीत मासे. कुणी हिरवा, कुणी चंदेरी, एक तर चक्क बेडकासारखा ठिपक्याठिपक्यांचा. सगळे प्लॅस्टिकचे!

"आत्या, हा पॉपर. उद्या पहाटे आपण बास पकडायचे."

"बास? इतक्यात पुरे?" मी म्हटलं.

"अगं, बास म्हणजे माशाचं नाव! ब्लॅक बास!"

तो पॉपर मी हातात घेऊन पाहिला. लांबी साडेपाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्याएवढी. वजन फार तर सहा-सात ग्रॅम, आपल्या पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्याएवढं. पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन तीनतोंडी गळ. शेपटीच्या गळाला पिसांचा छोटा झुबका. आणि तोंड कसं? खोलगट! जणू लहान वाटी बसवली आहे. मासा 'आ' वासून गाणं म्हणतोय असं वाटावं.

"आणि गांडूळ कुठे आहे?"

"गांडूळ नाहीच लागत!"

झाले ना मी नापास?

रविवारी पहाटे पावणेपाचला आम्ही काठावर हजर. जपानात सूर्य लवकर उगवतो बरं का! कुसात्सुच्या बाजूचा, म्हणजे पूर्वेकडचा तो काठ होता. पाठीमागे उजाडत होतं आणि समोर पलीकडच्या तीरावर हिएई पर्वत निळा-जांभळा दिसत होता. पाणी अगदी आरशासारखं. काठाला कमरेएवढं उंच लव्हाळं. कुठे कुठे चार-पाच माणसं काठ्या घेऊन उभी होती, पण आवाज म्हणाल तर एक नाही.

भाचेरावांची काठी हलकी, वेतासारखी लवचीक. तिच्यावरचा तंगूस इतका बारीक की मला आधी दिसलाच नाही. मी विचारलं, "एवढा बारीक का रे? तुटणार नाही?"

"आत्या, पॉपर हलका आहे ना! दोरा जाड असला तर तो लांब जातच नाही. आणि इथे रोज इतके लोक येतात की मासे शहाणे झालेत. जाड दोरा दिसला, मोठा आवाज झाला, की पळालेच! म्हणून छोटा पॉपर, बारीक दोरा आणि हळू हात."

त्यानं काठी मागे नेली, मनगटाला एक झटका दिला आणि तो इवलासा मासा हवेतून सुळ्ळकन जाऊन लव्हाळ्याच्या कडेला अलगद पडला. पाण्यावर गोल गोल वलयं उठली. मला वाटलं, आता हा ओढेल. पण छे! हा आपला बगळ्यासारखा स्तब्ध.

"ओढ ना रे!"

"शूऽऽ! वलयं विरू देत."

शेवटचं वलय विरलं. मग त्यानं काठीचं टोक खाली करून एक हलकी टिचकी मारली.

चुबुक!

पॉपरच्या वाटीसारख्या तोंडानं पाणी पुढे ढकललं, चिमूटभर हवा आत ओढली आणि चार बुडबुडे वर आले. पुन्हा थांबणं. पुन्हा टिचकी. चुबुक, चुबुक! लांबून पाहिलं तर वाटावं, एखादं बेडकाचं पिल्लू किंवा पाण्यात पडलेला नाकतोडा धडपडतोय.

खाली बसलेल्या बासलाही नेमकं तेच वाटतं. हा मासा दबा धरून बसणारा शिकारी आहे. तो खालून वर पाहतो आणि पृष्ठभागावर काही हललं की झेपावतो. यातली खरी युक्ती कशात आहे, हे भाचेरावांनी मला समजावलं. दोरा ताणून ओढला की पॉपर भराभर काठाकडे येतो आणि माशाच्या नजरेतून सुटतो. दोरा किंचित सैल ठेवून टिचकी मारली, तर तो जागच्या जागी मान हलवत नाचतो. दोराही साधा नायलॉनचाच हवा. पाण्यात बुडणारा दोरा लावला तर तो पॉपरचं नाक खाली खेचतो, मग कसला चुबुक!

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," भाचेराव मास्तरांच्या थाटात म्हणाले, "मासा उसळला की लगेच काठी ओढायची नाही. हाताला वजन लागलं, की मगच!"

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला! पाणी फुटलं, पॉपर दिसेनासा झाला आणि काठी कमानीसारखी वाकली. मी तर ओरडलेच! दोन-तीन मिनिटांच्या झटापटीनंतर मासा काठाला आला. हिरवट पाठ, अंगावर आडवा काळा पट्टा आणि तोंड केवढं! डोळ्याच्याही मागे गेलेलं. असेल चांगला फूटभर लांब.

भाचेरावांनी गळ अलगद सोडवला. लहान मुलांनी वापरायच्या गळांचे उलटे काटे दादा पकडीनं दाबून ठेवतो, म्हणून तो चटकन निघाला. मासा हातात तोंडाची उघडझाप करत होता. मला कसंतरीच झालं.

"छान आहे रे! आता सोडून दे बाळा त्याला. त्याच्या घरी जाऊ दे."

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आत्या, नाही सोडायचा. आणि हे त्याचं घरच नाहीये."

पलीकडे एक मोठी पेटी ठेवलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बास पकडला की परत पाण्यात सोडायला इथे बंदी आहे. तो त्या पेटीत टाकायचा, नाहीतर घरी न्यायचा."

मुलांनो, मी तुमच्यासारख्याच मुलांना शिकवते. मुक्या जिवांना त्रास देऊ नये, पकडलेला जीव सोडून द्यावा, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल. आणि इथे माझाच भाचा त्याच्या उलट सांगत होता! मी दादाकडे पाहिलं. दादानं थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाला, "बस, सांगतो."

ब्लॅक बास हा मूळचा अमेरिकेतला मासा. १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी नावाच्या जपानी उद्योजकानं तो अमेरिकेहून आणून आशी सरोवरात सोडला. हे सरोवर बिवापासून खूप दूर, हाकोनेच्या डोंगरात आहे. खायला चांगला, पकडायला मजा, असा त्याचा साधा हेतू. पुढे हौशी लोकांनी चोरून-मारून तो एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेला. १९७४ साली तो बिवा सरोवरात सापडला. आणि दहा वर्षांत बघता बघता सगळीकडे झाला.

बिवा हे जगातल्या अतिप्राचीन सरोवरांपैकी एक. सुमारे ४० लाख वर्षांचं त्याचं वय. इतक्या काळात तिथे असे जीव तयार झाले, जे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. मासे, शिंपले, गोगलगाई धरून अशा साठाहून अधिक जाती आहेत. मोरोको नावाचा बोटभर मासा तिथला लाडका. निगोरोबुना नावाच्या माशापासून 'फुनाझुशी' करतात. मीठ लावून, भातात दाबून तो महिनोन् महिने मुरवायचा. (मी खाऊन पाहिला. वास असा, की काय सांगू! पण चव आपल्या जुन्या लोणच्याच्या जवळपास जाते.) असल्या माशांनी लाखो वर्षांत बाससारखा शिकारी पाहिलाच नव्हता. त्यांची पिल्लं लव्हाळ्यात वाढतात आणि बासही तिथेच दबा धरतो! शिवाय माणसानं काठ बांधून काढताना लव्हाळंही पुष्कळ तोडलं. मग या माशांना लपायला जागा कुठली?

बासच्या जोडीला ब्लूगिल नावाचा आणखी एक अमेरिकन मासा आहे. त्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९६० साली जपानचे युवराज आकिहितो अमेरिकेला गेले होते, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी ते आणून संशोधनासाठी दिले, आणि तिथून ते देशभर पसरले. पुढे तेच युवराज सम्राट झाले. २००७ साली याच ओत्सु शहरात एका समारंभात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की हा मासा मी आणला होता, आणि आज जे झालं आहे त्यानं माझ्या मनाला दुःख होतं.

"सम्राट असून सगळ्यांसमोर म्हणाले?" मी विचारलं.

"हो. सगळ्यांसमोर."

म्हणूनच शिगा या प्रांतानं २००३ पासून नियम केला, की बिवामध्ये पकडलेले बास आणि ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायचे नाहीत. २००५ पासून तर जपानभर कायदा आहे. बास पाळायचा नाही, जिवंत एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचा नाही.

पण दुसरी बाजूही आहे. बास पकडायचा छंद असलेली माणसं जपानात खूप. त्यांच्यासाठी हेच सरोवर म्हणजे पंढरी! २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता या माणसानं इथे १०.१२ किलोचा बास पकडला. त्यानं जॉर्ज पेरी या अमेरिकन माणसाच्या १९३२ सालच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. आता सांगा, ज्याला बास आवडतो त्याला तो मारावासा कसा वाटेल? यावरून तिथे बरेच वाद झाले, कोर्टकचेऱ्याही झाल्या.

भाचेराव मान खाली घालून म्हणाले, "पहिला मासा पेटीत टाकला तेव्हा मी रडलो होतो आत्या. तेव्हापासून आम्ही मोठा मासा घरी नेतो आणि खातो. फुकट नाही घालवत."

मग काठी माझ्या हातात आली. पहिल्या वेळी पॉपर लव्हाळ्यात अडकला. दुसऱ्या वेळी माझ्याच ओढणीत! तिसऱ्या वेळी मासा उसळला, मी घाईनं काठी खेचली आणि पॉपर रिकामाच उडून आला. "वजन! वजन लागू दे!" भाचा ओरडला. सहा-सात वेळा असं झाल्यावर एकदाची ती टिचकी जमली. चुबुक... थांबले. चुबुक... थांबले. आणि धप्प! या वेळी मी धीर धरला. हाताला ओढ लागली, आणि मगच काठी उचलली.

माझा मासा भाच्याच्या माशापेक्षा लहान होता. पण माझा होता. तो हातात घेतला आणि सांगते, मनात इतकं आलं की पटकन पाण्यात सोडून द्यावा. कोण बघतंय?

आणि त्याच क्षणी मला आमची शाळा आठवली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात माशांची काचपेटी होती. तिच्यात काच चाटून साफ करणारे दोन काळे मासे होते. दुकानात त्यांना 'सकर' म्हणतात. ते वाढून वीतभर झाले, पेटी पुरेना. सुट्टी लागली तेव्हा मुलं म्हणाली, "बाई, यांना तळ्यात सोडू या!" मला केवढं कौतुक वाटलं! आम्ही मिरवणुकीनं शाळेमागच्या तळ्यावर गेलो, मासे सोडले, टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर 'प्राणिमात्रांवर दया करा' असा सुविचारही लिहिला होता.

आणि यंदा, जपानला निघायच्या महिनाभर आधी, तळ्यावर जाळं टाकणारे काका शाळेत आले. त्यांच्या हातात एक खरखरीत, काटेरी, चिलखत घातल्यासारखा मासा. "बाई, हे कोणतं जनावर? खायच्या कामाचं नाही, आणि जाळं मात्र फाडतंय." मी तो मासा ओळखला. आणि मुलांनो, मी म्हणाले, "काय की बाई, मला नाही माहीत."

हो. मी खोटं बोलले. तो आमचाच होता की आणखी कुणी सोडलेला, कोण सांगणार? पण मी गप्प बसले, हे खरं.

बिवाच्या काठी तो मासा हातात धरून मी उभी होते आणि मला त्या सम्राटांची आठवण येत होती. मी मासा दादाच्या हातात दिला. त्यानं त्याला फार वेळ तडफडू दिलं नाही. बर्फाच्या डब्यात दोन्ही मासे घेऊन आम्ही जवळच्याच बिवा सरोवर संग्रहालयात गेलो. तिथं काचेपलीकडे मोरोकोंचा थवा चांदीच्या चुऱ्यासारखा चमकत होता. इतके लहान, इतके नाजूक! भाचा काचेला नाक लावून म्हणाला, "आत्या, हे घरचे."

संध्याकाळी वहिनीनं बासची साल काढून टाकली, कारण वास असतो तो सालीला. मग हळद, तिखट, चिंचेचा कोळ, वर रवा. अगदी खाडीच्या माशांसारख्या तुकड्या झाल्या! पण मी जेवताना नेहमीएवढी बोलत नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी मुलांना सगळं सांगितलं. पॉपर सांगितला, चुबुक सांगितलं आणि तळ्याचंही सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, पण आपण तर चांगलंच करायला गेलो होतो ना?"

"हो गं," मी म्हटलं, "तेही चांगलंच करायला गेले होते."

मधल्या सुट्टीत आम्ही सगळे तळ्यावर गेलो. काकांना मी खरं काय ते सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फाटलेलं जाळं आमच्यासमोर पसरलं आणि म्हणाले, "उजनीच्या धरणातसुद्धा सापडतंय हे. आता जेवढे मिळतील तेवढे काढायचे. पण बाई, नवे नका सोडू."

तेव्हापासून एक ठरलंय. काका जाळं टाकतात, कोणता मासा किती मिळाला ते सांगतात आणि मुलं वहीत लिहितात. काळ्या माशासाठी शेवटचा रकाना आहे. वर्गातली काचपेटी अजून आहे, पण उरलेले मासे आम्ही दुकानदाराला परत दिले. आता तिच्यात पाणवनस्पती आहेत, आणि भाच्यानं भेट दिलेला एक हिरवा पॉपर. त्याचे गळ काढून टाकलेत हं! मुलं कधी कधी दोरा धरून त्याला टिचकी मारतात.

चुबुक!

मुलांनो, तुमच्या घरी आहे का माशांची पेटी? ते मासे मूळचे कुठले, हे दुकानदाराला एकदा विचारून बघा. आणि पेटी कधी रिकामी करावीशी वाटली, तर तळ्याकडे न जाता आधी दुकानाकडे जा. ओढ्यात, विहिरीत मासे सोडणं आता बास!